विकणारे काका फार प्रेमळ आहेत, सायकल तपासून कशी घेऊ?

गोदाकाठी
नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये इंदिरानगरला राहते, नोकरी सातपूरला. सात-आठ किलोमीटर अंतर. स्कूटर सोडून सायकलने जायचं मनात आहे. नवी बघायला गेले तर मनासारखी वीस हजारांच्या पुढेच जाते, म्हणून जुनी शोधते आहे.

गेल्या रविवारी गंगापूर रोडला एका काकांकडे जाऊन आले. मैत्रिणीच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी फोटो टाकला होता. हायब्रिड (रेसिंग आणि डोंगरी सायकलच्या मधली) आहे, पुढे ३ आणि मागे ७ गिअर, २०१९ मध्ये घेतलेली. ९,००० रुपये सांगतात.

अडचण अशी की काका-काकू अतिशय प्रेमळ निघाले. वीस मिनिटांत बघून येते असं घरी सांगून गेले होते, दोन तास बसले. पोहे झाले, चहा झाला, निघताना काकूंनी झाडाचे पेरू दिले. काकांनी सायकल पुसून दारात आणून ठेवली होती. मोबाईलमध्ये सोमेश्वरचे, गंगापूर धरणाचे, त्र्यंबकच्या रस्त्यावरचे फोटो दाखवत होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी सायकल बंद केली, म्हणून विकतायत. ते सांगताना त्यांचा आवाज बदलला.

या सगळ्यात मी सोसायटीच्या आवारात दोन चकरा मारल्या, ब्रेक दाबले, घंटी वाजवली आणि ५०० रुपये इसार देऊन आले. बिल मागायचा धीर झाला नाही. भावाचं तर बोललेच नाही. घरी आल्यावर नवऱ्याने पहिलाच प्रश्न केला, "टायर बघितले का?" नव्हते बघितले.

येत्या रविवारी पुन्हा जायचंय. काय काय बघू? मिस्त्री सोबत नेला तर त्यांना वाईट वाटेल का? आणि ज्या घरी पोहे खाल्ले तिथे भाव कमी कसा करायला सांगायचा?

शंकेखोर
ताई, ५०० रुपयेच दिलेत ना? मग अजून काही बिघडलेलं नाही.

माझा अनुभव सांगतो. तिरसट माणसाकडून वस्तू घेताना आपण चारही बाजूंनी बघतो. गोड माणसाकडून घेताना बघत नाही, आणि फटका तिथेच बसतो. दोन वर्षांपूर्वी नाशिकरोडला एका गृहस्थांकडून सायकल घेतली. त्यांचं गाव आमच्या आजोळाच्या शेजारचं निघालं. ताक प्यायलो, गप्पा झाल्या, सहा हजार दिले आणि घेऊन आलो. घरी सीट वर करायला गेलो तर पाइप फ्रेममध्ये गंजून बसलेला. तेल सोडून दोन दिवस ठेवलं, पान्याने पिळलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी मिस्त्रीने कापून काढला, त्यात फ्रेमला चीर गेली. सहा हजार आणि वर मजुरी, सगळं पाण्यात. फोन केला तर म्हणाले, "माझ्याकडे होती तोवर काहीच त्रास नव्हता." त्यांना माहीत असणारच होतं.

पिंपळपान
शंकेखोर, तुमचं नुकसान झालं ते वाईटच. पण त्या गृहस्थांनी मुद्दाम लपवलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी सीट कधी हलवलीच नसेल.

गोदाकाठी, मी विकणाऱ्याच्या बाजूने सांगते. मुलगा शिकायला बाहेर गेल्यावर त्याची सायकल मी विकली. पहिला मुलगा आला, एक नजर टाकली आणि "घेतो" म्हणाला. मला बरं वाटलं नाही. हा चार दिवसांत भंगारात टाकेल असं मनात आलं, आणि मी घरात विचारून सांगते म्हणून टाळलं. दुसरे आले ते मिस्त्रीलाच घेऊन. त्यांनी चाक फिरवलं, चेन बघितली, दोन दोष मला दाखवले जे मला ठाऊकच नव्हते. पाचशे रुपये कमी घेऊन मी त्यांना आनंदाने दिली. जो इतकं बारकाईने बघतो तो सांभाळणारही, असं वाटलं. तुमच्या काकांना सायकल सोडवत नाहीये, म्हणजे त्यांनाही ती नीट बघणारा माणूस हवाच असेल.

सिडकोवाला
मिस्त्रीला मामेभाऊ म्हणून न्या. 'सहज आलाय' म्हणायचं. तो बघेल, तुम्ही काकूंशी बोलत बसा.

मोगरा
सिडकोवाला, नको. ज्यांनी घरचे पेरू दिले त्यांच्या घरी खोटं नातं सांगून जायचं? आणि मिस्त्रीचे काळे हात बघून काकांना कळणार नाही का? सरळ आधी फोन करून सांगा, "काका, मला सायकलमधलं काही कळत नाही, रविवारी एक जाणता माणूस घेऊन येते." यात वाईट वाटण्यासारखं काय आहे?

तर्री
मोगरा +१. आणि रविवार आहे, येताना मिसळ खाऊन या.

उलटा आटा
वीस वर्षं सायकलींची कामं करतोय, आधी दुकानात, आता घरी हौसेने. मिस्त्री मिळाला तर उत्तमच, पण ताई, तुम्ही स्वतःही बघू शकता. सोबत एक फूटपट्टी, एक ॲलन कीचा संच आणि जुनं फडकं न्या.

पहिली सीट. शंकेखोरांचं जे झालं ते फार जणांचं होतं. ॲल्युमिनियमचा पाइप स्टीलच्या फ्रेममध्ये वर्षानुवर्षं न हलवता राहिला की दोन धातू आणि ओल मिळून तो आत धरतो. पिंपळपान म्हणतात ते खरं, सीट एकाच उंचीवर वापरणाऱ्याला हे कळतही नाही. म्हणून सीट ढिली करून दोन इंच वर, दोन इंच खाली करून बघा. वर करताना पाइपवरची 'किमान' खूण बाहेर येऊ देऊ नका.

मग फ्रेम. हँडलखाली जिथे दोन नळ्या जोडल्यात त्या जोडाच्या खालच्या बाजूला फडक्याने पुसून नीट बघा, बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा केसासारखी चीर असेल तर सायकल समोरून जोरात आपटली आहे. अशी असेल तर तिथेच थांबा, बाकी काही बघायची गरज नाही. बाकी सगळं बदलता येतं, फ्रेम बदलली की सायकलच बदलली.

पुढचा ब्रेक घट्ट धरा, दुसऱ्या हाताची बोटं हँडलच्या खालच्या वाटीवर (हँडलची नळी फ्रेममध्ये फिरते त्या जागी) ठेवा आणि सायकल पुढे-मागे ढकला. बोटांना टकटक लागली तर वाटी ढिली आहे नाहीतर छर्रे गेलेत. क्रँक (पायडलचा दांडा) धरून आडवा हलवा, खेळ असेल तर बीबीचं, म्हणजे मधल्या धुरीच्या बेअरिंगचं काम आहे. चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे बघा. दोन-तीन मिमी आउट असेल, म्हणजे चाक डोलत असेल, तर घाबरू नका, निघते. पण तारा जोडीजोडीने दाबून बघा. एखादी एकदम लुळी आणि शेजारची ताठ असेल तर रिम वाकलेली असण्याची शक्यता आहे.

आता चेन. लोक म्हणतात चेन ताणते. पट्ट्या ताणत नाहीत, आतले खिळे झिजतात आणि चेन लांब होते. दोन खिळ्यांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे २४ अंतरं बरोबर १२ इंच, ३०४.८ मिमी. पट्टीचा शून्य एका खिळ्याच्या मध्यावर धरा. १२ इंचाच्या खुणेवर खिळ्याचा मध्य आला तर चेन चांगली. दीड मिमी पुढे सरकला असेल तर चेन बदलायला झाली. तीन मिमी पुढे असेल तर मागच्या फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे) दातही तिच्याबरोबर झिजलेत, नुसती चेन बदलून चालणार नाही, नवी चेन जुन्या दातांवरून उडते.

आणि हे उडणं सोसायटीच्या आवारात कळत नाही, कारण तिथे जोर लागत नाही. गंगापूर रोडवरून नदीकडे उतरणारा कुठलाही रस्ता धरा, खाली जा आणि त्याच चढाने जोर लावत वर या. सगळे गिअर टाकून बघा. ब्रेक उतरताना कळतील, गिअर चढताना.

टायर शेवटी. नक्षी बघू नका, कडा बघा. दोन वर्षं गॅलरीत उन्हात उभी असेल तर नक्षी नव्यासारखी आणि कडेला बारीक भेगा, असं असतं. त्या टायरवर सातपूरच्या ट्रकांमधून जाऊ नका.

शंकेखोर
वाखु (वाचनखूण) साठवली. हे दोन वर्षांपूर्वी वाचलं असतं तर. सीटबद्दल तुम्ही आणि पिंपळपान सांगताय ते पटलं. त्या गृहस्थांना मी फोनवर बरंच बोललो होतो.

रामशेज
उलटा आटा, तुमच्या नावाचा अर्थ काय? धाग्याशी संबंध नाही, पण कधीचं विचारायचं होतं.

उलटा आटा
संबंध आहे. सायकलच्या डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, चालवताना सैल होऊन निघू नये म्हणून. उजवा नेहमीसारखा. ज्याला माहीत नाही तो डावं पायडल सुलट फिरवून काढायला जातो आणि लांब पान्याने जोर लावून क्रँकचा आटा खाऊन टाकतो. जुन्या सायकलीत हे खूप दिसतं. डावं पायडल तिरकं बसलेलं वाटलं तर समजायचं. ताई, तेही बघून घ्या.

काळा कोट
बिलाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोटारसायकलला आरसी असते, सायकलला तसलं काही नाही. मालकी दाखवायला बिल आणि फ्रेम नंबर एवढंच हाताशी असतं. नंबर बहुतेक वेळा खाली, पायडलची धुरी जाते त्या नळीच्या तळाला कोरलेला असतो. सायकल उलटी केली की दिसतो.

माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ मागचं मूळ तत्त्व असं की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून जास्त हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. याला काही अपवाद आहेत, पण चोरीची वस्तू तुम्ही पूर्ण पैसे देऊन, अगदी भोळेपणाने घेतली तरी मूळ मालक ती परत मागू शकतो. आणि चोरीची आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असूनही घेतली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

तुमच्या काकांबद्दल मला शंका नाही. पण उद्या तुमची सायकल कंपनीच्या गेटवरून गेली तर पोलिसांना काय दाखवाल? म्हणून बिल असेल तर ते घ्या. हरवलं असेल तर साध्या कागदावर 'ही सायकल, हा रंग, हा फ्रेम नंबर, एवढ्या रकमेला, अमुक तारखेला दिली' असं लिहून दोघांच्या सह्या करा. आणि पैसे यूपीआयने द्या, म्हणजे त्याची नोंद राहते.

जेलरोडकर
काळा कोट, पूर्वी सायकलला कागद नव्हता तरी बिल्ला होता! नगरपालिकेचा कर भरला की पत्र्याचा बिल्ला मिळायचा, तो सायकलला लावायचा. नसला तर रस्त्यात अडवायचे.

माझे वडील इथल्या सरकारी छापखान्यात, प्रेसमध्ये होते. प्रेसचा भोंगा झाला की गेटमधून सायकली सुटायच्या. जेलरोडला उभं राहून बघितलं तर रस्ता दिसायचा नाही, नुसती चाकं आणि डबे लटकवलेली हँडलं. वडिलांची २४ इंची फ्रेमची काळी सायकल त्यांनीही जुनीच घेतली होती, निवृत्त होणाऱ्या एका सहकाऱ्याकडून. त्या माणसाने पैसे तीन हप्त्यांत घेतले आणि शेवटचा हप्ता माझ्या बहिणीच्या बारशाला आहेर म्हणून परत दिला. आम्ही भावंडं त्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून कैची चालवायला शिकलो. पुढे तासाच्या भाड्याने छोटी सायकल आणायचो. दुकानदार पाटीवर नाव आणि वेळ लिहायचा, आणि तास संपायच्या आत घामाघूम होऊन परत पोचायचं.

ताई, माझं एकच सांगणं. ती सायकल मला अजून आठवते ती त्या माणसामुळे. काकांच्या पोह्यांचा संशय घेऊ नका. आणि टायरची चिंता करू नका, २८ इंची टायर कुठल्याही दुकानात मिळतो.

उलटा आटा
काका, तुमची आठवण वाचून छान वाटलं. पण टायरचं तसं नाही, यात लोक फसतात म्हणून सांगतो. आपल्या काळ्या सायकलचा २८ × १½ टायर ६३५ मिमीच्या रिमवर बसतो. हायब्रिडला बहुतेक ७०० सी असतो, त्यावरही कधीकधी २८ लिहिलेलं असतं, पण त्याची रिम ६२२ मिमीची. एकाचा दुसऱ्याला बसत नाही. टायरच्या कडेला बारीक अक्षरात '३५-६२२' असा आकडा असतो, तो वाचून दुकानात सांगायचा. गंमत म्हणजे २९ इंची एमटीबीची (माउंटन बाइकची) रिमही ६२२ च.

ट्यूबचंही बघून ठेवा. वॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड आहे की बारीक, त्यावर पंप ठरतो. बारीक वॉल्व्हच्या रिमचं भोक लहान असतं, त्यात जाड वॉल्व्ह जात नाही.

जेलरोडकर
चाळीस वर्षं सायकल चालवली, हे आज कळलं. धन्यवाद.

तर्री
इतके प्रतिसाद झाले, एक प्रश्न कोणी विचारलाच नाही. काकांची उंची किती?

गोदाकाठी
अरे, किती छान छान लिहिलंय सगळ्यांनी. मी वहीत उतरवून घेतेय.

तर्री, काका चांगले उंच आहेत. पाच फूट दहा इंच तरी असतील. मी पाच-एक. का?

उलटा आटा
हे मी सर्वात आधी विचारायला हवं होतं. तर्री, शाब्बास.

ताई, फ्रेमवर किंवा सीटच्या नळीवर आकडा चिकटवलेला असतो, १५, १७, १९ असा. पाच-दहाच्या माणसाने दुकानात जाऊन घेतलेली असेल तर १९ च्या आसपास असणार. तुम्हाला १५-१६ लागेल. सीट खाली करता येते, पण फ्रेमची लांबी कमी करता येत नाही. हँडल लांब पडतं, मग पंधरा दिवसांनी मान आणि मनगटं दुखायला लागतात आणि सायकल गॅलरीत जाते.

आडव्या दांडीवर दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभ्या राहा. दांडी आणि तुमच्यात दोन-तीन सेंटीमीटर तरी मोकळी जागा हवी. मग सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सर्वात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. भिंतीला धरून बसा म्हणजे कळेल.

गोदाकाठी
चकरा मारल्या तेव्हा उतरताना मला उडी मारावी लागली होती. मला वाटलं सवय नाही म्हणून.

पहाटफेरी
उडी मारून उतरावं लागत असेल तर ती सायकल तुमची नाही. द्वारकेच्या सिग्नलला मागून बस असताना उडी मारून बघायची नाही.

मी आठ वर्षं पहाटे फिरतोय. २०१५ साली आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, जवळपास ४,८०० किमी, दोघांनी आळीपाळीने. ती बातमी वाचूनच आमच्या बिल्डिंगमधल्या चौघांनी सायकली घेतल्या. घेताना एकानेही मापाचा विचार केला नाही. दुकानात स्वस्तात उभी होती ती घेतली. चौघांतले दोघे सुटले, आणि सुटलेले दोघे तेच ज्यांना माप जमलं नव्हतं. मी स्वतः पंढरपूरच्या सायकलवारीला गेलो तेव्हा तीनशेहून जास्त किलोमीटर झाल्यावरही माझी मान ठीक होती, कारण त्याआधी हँडलची लांबी बदलून घेतली होती. सायकल जुनी असो, गंजकी असो, मापाची असली की माणूस चालवतो.

सिडकोवाला
पण इसार दिलाय ना. आता नको म्हणायचं कसं?

काळा कोट
इसाराबद्दल काही ठरलंच नव्हतं, ना मुदत ना अट. काकांनी ठेवून घेतला तर ५०० गेले समजा. त्यासाठी चुकीची सायकल घेऊन आणखी ८,५०० घालवू नका.

मोगरा
पैशांचं ठीक आहे हो, तिला अवघड वाटतंय ते काकांच्या तोंडावर नको म्हणायचं. गोदाकाठी, मी असते तर आदल्या दिवशीच फोन केला असता. म्हणजे काकूंना पोह्यांची तयारी करावी लागणार नाही.

आणि भावाचं विचारलं होतंत ना, ते राहून गेलं. कुठलीही सायकल घ्या, 'कमी करा' म्हणू नका. काय काय बदलावं लागेल ते सांगा. 'टायर दोन बदलावे लागतील, चेन बदलावी लागेल, एवढा खर्च आहे, निम्मा तुमच्याकडे धरू का?' असं म्हटलं की कोणी दुखावत नाही.

गोदाकाठी
मंडळी, जाऊन आले. सविस्तर लिहिते.

शनिवारी फोन केला. म्हटलं, "काका, मला सायकलमधलं कळत नाही, ज्यांना कळतं त्यांनी काही गोष्टी बघायला सांगितल्यात, तर मी वही घेऊन येते." काका म्हणाले, "ये की, मी पण बघतो काय काय लिहिलंय."

रविवारी गेले. काका स्टूल घेऊन बसले आणि मी वाचत गेले. सीट वर-खाली केली, सहज झाली. सायकल उलटी करून नंबर बघितला, काकांनी आतून फाइल आणली, बिल जपून ठेवलेलं, नंबर जुळला. वाटी ठीक. पुढच्या चाकाला थोडी आउट. टायरच्या कडांना भेगा, उलटा आटा म्हणाले होते तशाच. चेनला पट्टी लावली तर दोन मिमी पुढे. काकांना हे काहीच माहीत नव्हतं. चष्मा लावून स्वतः पट्टी धरली आणि दोनदा मोजलं.

मग मी दांडीवर उभी राहिले. जागा नव्हतीच, टाचा उचलाव्या लागल्या. मी काही बोलायच्या आत काकाच म्हणाले, "पोरी, ही तुला मोठी आहे. मागच्या वेळी तू उतरलीस तेव्हाच मला शंका आली होती, पण तू छान म्हणालीस म्हणून मी गप्प बसलो." आठवडाभर ते याच विचारात होते म्हणे. काकू म्हणाल्या, रात्री दोनदा उठून बोलले, ती पडेल म्हणून.

५०० रुपये मी नको म्हणत होते, त्यांनी खिशात कोंबले. भाव काय करायचा हा प्रश्नच आला नाही. मात्र चेन आणि टायरचं लक्षात घेऊन पुढच्या माणसाला ७,५०० सांगणार आहेत.

तर आता मी सायकलशिवाय आहे, आणि काकांकडे १९ इंची एक सायकल आहे. फ्रेमवर आकडा निघाला १९ च. बिल आहे, सीट हलते, दोष वर लिहिलेत. कोणाला हवी असेल तर सांगा, त्यांना विचारून नंबर देते. शक्यतो चालवणाऱ्यानेच घ्यावी, अशी त्यांची इच्छा आहे.

पिंपळपान
वाचून डोळे भरून आले. ते पण गप्प बसले आणि तुम्ही पण गप्प बसलात, दोघंही एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून.

शंकेखोर
माझी उंची पाच-नऊ. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

तर्री
शंकेखोर!!! गोड माणसाकडून घेणार तुम्ही?

शंकेखोर
हो. सगळे दोष आधीच लिहिलेली जुनी सायकल मी पहिल्यांदाच बघतोय.

रामशेज
भो, फूटपट्टी विसरू नको.

शंकेखोर
आज घेऊन आलो. ७,५०० सांगितले, ७,५०० दिले, यूपीआयने. काळा कोट म्हणाले तसा कागद केला, काकांनी खाली तारखेसोबत 'एकूण प्रवास सायकलवरच्या मीटरप्रमाणे ११,४०० किमी' असंही लिहिलं. बिल आणि पंप दोन्ही दिलं. गोदाकाठींनी जेवढं तपासलं होतं त्यावर मी फक्त चढ चढून बघितला. जोर लावला की मागच्या तिसऱ्या गिअरवर चेन एकदा उडते, म्हणून चेनबरोबर फ्रीव्हीलही टाकणार आहे. काका फाटकापर्यंत पायी आले. त्र्यंबकला गेलो की फोटो पाठवायचा, असं कबूल करून घेतलंय.

नाशिकरोडच्या त्या गृहस्थांनाही काल फोन केला. सीटचा पाइप का अडकतो ते सांगितलं. म्हणाले, दुसरी सायकल आहे नातवाची, तिचा आत्ताच हलवून बघतो.

उलटा आटा
चेन-फ्रीव्हील बसवायला माझ्याकडे या, इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकजवळ. पत्ता व्यनि करतो. चाकाची आउटही काढून देतो.

जेलरोडकर
११,४०० किमी! काकांना माझा नमस्कार सांगा.

गोदाकाठी
शंकेखोर, मनापासून धन्यवाद. काकूंचा फोन आला होता, खूष होते दोघं.

आता माझं बघा कोणीतरी. १५ किंवा १६ इंची, हायब्रिड चालेल, एमटीबीही चालेल, नाशिक शहरात कुठेही.

सिडकोवाला
माझ्या वहिनीची आहे, मखमलाबादला. १६ इंची, वर्षभर उभी आहे. वहिनी पाच-दोन. बिल आहे की नाही विचारून सांगतो. ती शाळेत शिकवते, रविवारीच भेटेल. टायर उन्हात होते, ते आत्ताच सांगून ठेवतो.

गोदाकाठी
चालेल. रविवारी फूटपट्टी घेऊन येते.